काळा पट्टा आणि आंघोळीचा पंचा

अकरा माणसं एका दमात आडवी झाली. सगळी धट्टीकट्टी. त्यात तांदळाचा दुकानदार सेनबा होता, ज्याच्या पोटाला दारातून आत यायला वाट काढावी लागते. बंदरावरचे चार हमाल होते, एक पोस्टमन होता आणि रांगेत शेवटून तिसरा माझा नवरा होता. त्यांच्यापासून चार पावलांवर कुजो रेइजी उभा होता. त्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं. नुसता उजवा तळवा पुढे केला होता आणि 'हाऽ' म्हणून ओरडला होता.

आमच्या मिनोउरा गावच्या शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक खिडक्यांवर बसले होते. अकराही जण पडल्यावर टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माझ्या शेजारी बसलेली न्हावीण चियोनो डोळे पुसत म्हणाली, "फुमिए, आपल्या जन्मात हे बघायला मिळालं गं."

"पडलेली माणसं मी रोज बघते," मी म्हटलं. "माझ्या न्हाणीघरात फरशीवर साबण असतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात शिंकले होते.

कुजोने हात वर केला. टाळ्या थांबल्या. त्याचा आवाज आम्ही सगळे दर बुधवारी टीव्हीवर ऐकायचो, त्यामुळे तो बोलायला लागला की माणसं आपोआप सरळ बसायची. "मी ओरडलो ते तुमच्यासाठी," तो म्हणाला. "तुम्हाला कळावं म्हणून. 'की' म्हणजे प्राणाचा जोर. तिला आवाज लागत नाही, स्पर्श लागत नाही. ती भिंतीतून जाते. समुद्रातून जाते. मी इथे श्वास सोडला तर तो चीनच्या किनाऱ्यावर पोचतो."

चीनच्या किनाऱ्यावर त्या वेळी कोण कोण आडवं झालं असेल, असं माझ्या मनात आलं. पण हसायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून गप्प बसले.

हा कुजो म्हणजे टीव्हीवरच्या तलवारबाजीच्या मालिकेचा नायक. त्या वर्षी आमच्या बंदरावर त्याचं चित्रीकरण चाललं होतं आणि तीन महिने तो गावात मुक्कामाला होता. संध्याकाळी तो आमच्या कराटेच्या आखाड्यात जायचा. आखाड्याचे गुरू इवासा सेन्सेई, वय अठ्ठ्याहत्तर, गावातल्या अर्ध्या पुरुषांनी त्यांच्या हाताखाली घाम गाळलेला. त्या सेन्सेईंनी आठव्या आठवड्यात कुजोला चौथ्या दर्जाचा काळा पट्टा दिला. कागदावर त्यांचा लाल शिक्का होता आणि पेपरात फोटो होता. त्या फोटोपासून पुढचं सगळं सुरू झालं. त्याआधी कुजो टीव्हीवरचा देखणा माणूस होता. त्यानंतर तो म्हणेल ते खरं ठरायला लागलं, कारण इवासा सेन्सेई उगाच कुणाला पट्टा देत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या नवऱ्याला पहिल्या दर्जाचा काळा पट्टा मिळायला अकरा वर्षं लागली होती.

माझा नवरा तोकुजी आमच्या सार्वजनिक न्हाणीघराचा बंब सांभाळतो. मी पुढे उंच बैठकीवर बसते. डावीकडे बायकांची बाजू, उजवीकडे पुरुषांची, मधे मी. तोकुजी भिंतीपलीकडे लाकडाचा भुसा फावड्याने बंबात टाकत असतो. तीस वर्षं तो मला कामावर दिसलेला नाही, फक्त ऐकू येतो. खर्र करून फावडं भुशात जातं, धप्प करून भुसा आत पडतो. आदल्या वर्षी पानगळीत तो आवाज मधेच बंद पडला. मी पळत मागे गेले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. एका दिवसात तोंड सरळ झालं, पण डॉक्टर हिरोसेबाईंनी त्याला समोर बसवून बजावलं की रक्तदाबाच्या गोळ्या आता जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही. तेव्हापासून फावडं जरा थांबलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. गिऱ्हाईक बोलत असतं आणि माझा कान भिंतीला.

सभागृहातल्या त्या चमत्कारानंतर आठ दिवसांनी मी त्याच्या गोळ्यांची पिशवी शोधली, तर ती जागेवर नव्हती.

"अहो, गोळ्या कुठेत?"

"बंबात."

"बंबात म्हणजे?"

"जाळल्या." तो मुळ्याचं लोणचं चावत होता, शांतपणे. "कुजोसाहेबांनी त्या दिवशी माझ्या डोक्यावर लांबूनच तळवा धरला होता. म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळली. पण औषध घेत राहिलं तर 'की'ची वाट अडते. दोन जोर एका अंगात नांदत नाहीत."

माझ्या तोंडातून सगळे शब्द एकदम बाहेर आले. "तुम्हाला काही अक्कल आहे का? तो माणूस टीव्हीवर तलवार चालवतो. ती तलवार बांबूची असते, वर चांदीचा कागद लावलेली."

"पट्टा तर बांबूचा नाही ना? सेन्सेईंचा शिक्का आहे."

"तेच म्हणतेय. तुम्हाला अकरा वर्षं आणि त्याला आठ आठवडे?"

"ज्याची त्याची कुवत."

"कुवत कसली, अहो—"

"फुमिए." त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "कुणी सांगितलेली गोष्ट असती तर मीही हसलो असतो. पण मी स्वतः पडलो. माझे पाय माझ्या अंगाखालून गेले. आता तू मला सांगणार, मी पडलो नाही म्हणून?"

नवरा खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. तो पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मग बिघडलं कुठे? त्या दिवसापासून मला बसवेना. बैठकीवर बसले की पाय हलायचे. सुटे पैसे देताना चुकायला लागले, बायकांचे साबण पुरुषांच्या बाजूला द्यायला लागले. भिंतीपलीकडे खर्र, धप्प चालू असलं की पुढच्या खर्रची वाट बघायची.

दुसऱ्या आठवड्यात कुजो स्वतः न्हाणीघरात आला. सोबत पेपरचा फोटोवाला. 'गावकऱ्यांसोबत आंघोळ करणारा साधा माणूस' असा फोटो हवा होता. मी माझ्या बैठकीवर होते. तीस वर्षं मी लोकांना कपड्यांशिवाय बघत आले आहे, त्यात आता लाजण्यासारखंही काही उरलेलं नाही आणि बघण्यासारखंही. पण पावलं मात्र मी बघते, कारण फरशी मला पुसायची असते. आखाड्यातल्या माणसाचं पाऊल मी झोपेतही ओळखेन. अनवाणी पायाने लाकडी फळ्यांवर वर्षानुवर्षं गिरक्या घेऊन अंगठ्याखालची कातडी जाड होते, हिवाळ्यात तिला भेगा पडतात, आणि माझ्या फरशीवर त्या भेगांतली काळी रेघ उमटते. तोकुजीने आखाडा सोडून वीस वर्षं झाली तरी त्याची टाच दगडासारखी आहे. सेनबाचीही तशीच.

कुजोची पावलं गुलाबी होती. टोफूच्या वडीसारखी मऊ, कुठे एक घट्टा नाही. आठ आठवड्यांत घट्टे पडत नाहीत, हे मान्य. पण चौथा दर्जाही आठ आठवड्यांत मिळत नाही.

आंघोळ झाल्यावर तो आमच्या मागच्या छोट्या खोलीत गेला. तिथे उराबे अंग रगडून देतो. उराबे चाळिशीतला, जन्मापासून आंधळा. अंधांच्या शाळेत तो रगडायची विद्या शिकला आणि जुडोही शिकला. माणूस कमी बोलतो, पण त्याच्या बोटांना सगळं कळतं. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी त्याला जवाचा चहा नेऊन दिला.

"कसं होतं कुजोसाहेबांचं अंग?"

"गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल मी बोलत नाही, फुमिएसान."

"माझ्या नवऱ्याने गोळ्या जाळल्यात."

तो थोडा वेळ पेला हातात फिरवत राहिला. "मान आखडलेली आहे," तो म्हणाला. "खुर्चीत बसून वाट बघणाऱ्या माणसांची आखडते तशी. मांड्या पोरगेल्या आहेत. यापेक्षा जास्त विचारू नका."

"पण मग अकरा माणसं पडली कशी? माझा नवरा नाटक करत नाही, उराबेसान."

"नाही करत." त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "मी कुजोसाहेबांना विचारलं होतं. आखाड्यात गेलो, म्हटलं मलाही रांगेत घ्या, मला पडता येतं, मी लहानपणापासून पडतोय. कुजोसाहेब हसले. म्हणाले, आंधळ्या माणसाला इजा होईल, नको. मोठ्या मनाचा माणूस म्हणून सगळ्यांनी वाहवा केली." त्याने चहा संपवला. "घरी येताना मात्र मी विचार करत होतो. ती शक्ती भिंतीतून जाते, समुद्रातून जाते. मग माझे डोळे बंद असल्याने तिचं काय अडतं?"

मी पेला उचलायला विसरले. खोलीच्या दारात तशीच उभी राहिले. त्याचं म्हणणं मला कळलं होतं. जी गोष्ट डोळस माणसालाच पाडते, ती त्याच्या डोळ्यांतून आत जात असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इवासा सेन्सेईंच्या घरी गेले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, माझ्या न्हाणीघराची चौकशी केली. मी सरळ विचारलं, "सेन्सेई, तो पट्टा त्याने कमावलाय का?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "यंदा पर्सिमनच्या झाडाला फळ बरंच धरलंय," ते म्हणाले.

"सेन्सेई."

"कुजोसान पाहुणे आहेत. त्यांच्यामुळे आपल्या गावाचं नाव झालं."

"माझा नवरा मरेल."

त्यांची कपातली नजर हलली नाही. मला वाटलं आता बोलतील, पण त्यांनी माझा कप परत भरला आणि खूप खाली वाकून मला निरोप दिला. त्या वाकण्यात काहीतरी होतं, पण मी रागाने इतकी पेटले होते की मला ते वाचता आलं नाही. वाटेत मी त्यांच्या कुंपणाला लाथ मारली, हेही सांगून टाकते.

गुरुवारी दुपारी फावडं पडलं. खर्र नाही, धप्प नाही, लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज. मी मागे पोचले तेव्हा तोकुजी उभा होता, पण डावा हात उजव्या हाताने चोळत होता. "झोपला होता हात," तो म्हणाला. मी त्याला ओढतच हिरोसेबाईंकडे नेला. त्यांनी पट्टी गुंडाळली, पारा वर चढवला आणि आकडा बघून चष्मा काढला. दोनशे दहा.

"मी औषध देऊ शकते, तोकुजीसान. तुमच्या घशाखाली ढकलू शकत नाही."

"रविवारी कुजोसाहेब जाणार आहेत," तोकुजी म्हणाला. "जाण्याआधी सभागृहात सगळ्यांना शेवटची 'की' देणार आहेत. ती घेतो. मग बघू."

"रविवारपर्यंत काहीही होऊ शकतं."

"त्यांना न सांगता औषध घेतलं तर तो त्यांचा अपमान होईल, डॉक्टर."

हिरोसेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. या गावात माणूस मरेल, पण दुसऱ्याला अवघडल्यासारखं वाटू देणार नाही. त्यांनी गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. ती मी कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि पुढचे तीन दिवस ती तिथेच टोचत राहिली.

ते तीन दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. शुक्रवारी मी पाच वेळा मागे जाऊन आले. शनिवारी तोकुजी म्हणाला, तू अशी सारखी येत राहिलीस तर पाणी गार होईल.

रविवारी सभागृह आधीपेक्षा जास्त भरलं होतं. कुजो पांढऱ्या कपड्यांत होता, कमरेला काळा पट्टा, इतका नवा की गाठ बसत नव्हती आणि टोकं कानांसारखी बाहेर आली होती. पहिल्या रांगेत इवासा सेन्सेई गुडघ्यांवर बसलेले. कुजोचं भाषण सुरू झालं. या वेळी 'की' चीनच्याही पुढे गेली. कुबड्या फेकायच्या, काठ्या फेकायच्या, बाटल्या फेकायच्या, कारण खरा वैद्य आपल्या श्वासात आहे, वगैरे. मग तो म्हणाला, "या, रांग करा."

तेव्हा उराबे उठला. काठी टकटक करत पुढे गेला आणि रांगेच्या टोकाला उभा राहिला.

"उराबेसान, तुम्हाला लागेल," कुजो म्हणाला.

"मला पडता येतं, साहेब. आणि मला खरंच पडायचंय. जन्मात एकदा तरी चमत्कार माझ्या अंगावरून जाऊ दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता नाही म्हणायला वाट नव्हती. कुजोने तळवा उचलला, 'हाऽ' केलं आणि दहा माणसं धाडधाड आडवी झाली. उराबे तसाच उभा. पडलेल्यांचे आवाज थांबल्यावर त्याने डोकं थोडं तिरपं केलं, जसं तो अंग रगडताना करतो. "झालं का?" त्याने विचारलं.

सभागृहात कुजबुज झाली. कुजो हसला, आणि तो गोड हसतो हे मी मान्य करते. "तुम्ही सगळ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या," तो म्हणाला. "अंध माणसाची 'की' आतून मिटलेली असते. दार बंद असेल तर पाहुणा आत कसा येणार? यात उराबेसानचा दोष नाही." लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. दार बंद, पाहुणा, सगळं पटलं. मला ओरडावंसं वाटलं. मी उठायला लागले तेवढ्यात पडलेल्यांतलंच कुणी माझ्याआधी उठलं.

माझा नवरा.

"साहेब," तोकुजी म्हणाला, "लोकांना उगाच शंका नको. माझं दार उघडं आहे. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ते नुसते बांधा आणि मला पाडून दाखवा. म्हणजे डोळ्यांचा संबंध नाही हे सगळ्यांना कळेल." आणि त्याने कमरेला खोचलेला न्हाणीघराचा पंचा काढला. त्याच्यावर निळ्या अक्षरांत आमचं नाव छापलेलं आहे.

तोकुजी कुजोला वाचवायला उठला होता. त्याची बाजू राखायला. मला नवऱ्याचा इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी कधी आली नव्हती.

कुजो म्हणाला, "तोकुजीसान, याची गरज नाही."

"आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तुम्ही म्हणालात ती भिंतीतून जाते. पंचा तर भिंतीपेक्षा पातळ आहे. आणि आवाज लागत नाही असंही म्हणालात. तेव्हा ओरडू नका. नुसतं पाडा."

"हो, हो," मागून चियोनो म्हणाली. तिला बिचारीला खरोखर बघायचं होतं. सगळ्यांनाच बघायचं होतं. कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं, त्यामुळेच त्याला सुटता येईना.

मी स्वतः पंचा बांधला. दोन हमाल तोकुजीच्या मागे झेलायला उभे केले. तोकुजी पाय जुळवून, हात मांड्यांवर ठेवून, मान किंचित वाकवून उभा राहिला. कुजोने तळवा पुढे केला.

काही झालं नाही.

त्याने हात मागे घेतला, दीर्घ श्वास घेतला आणि परत पुढे केला. तोकुजी तसाच उभा. तिसऱ्या वेळी कुजोने दोन्ही तळवे लावले, मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. सभागृहात एवढे लोक होते, पण कुणाचा कपडाही सळसळत नव्हता.

मग तोकुजी अदबीने म्हणाला, "साहेब, मी तयार आहे. सुरू करा."

कुजोचे तळवे तसेच पुढे होते.

"साहेब? गर्दी जास्त आहे का आज? घ्या, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. मी उभा आहे."

मागे कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तो माणूस डोळे बांधून, मान वाकवून, भर सभेत एका चमत्काराची वाट बघत उभा होता आणि तो चमत्कार त्याच्यासमोर तीनदा करून झाला होता.

"याच्या मनात शंका आहे," कुजो म्हणाला. आवाज आता बुधवारचा राहिला नव्हता. "शंका असेल तिथे 'की' जात नाही."

तोकुजीने पंचा खाली ओढला. त्याने कुजोचे पुढे केलेले दोन्ही हात पाहिले, त्याचा घामेजलेला चेहरा पाहिला. सगळं त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"माझ्या मनात शंका?" तो म्हणाला. "साहेब, मी माझ्या गोळ्या जाळल्या."

कुजो स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. मला वाटतं, त्या घटकेला सगळ्यांत मोठा धक्का त्यालाच बसला. महिनाभर शंभर माणसं तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर पडत असतील तर तुम्हालाही वाटायला लागेल की हातात काहीतरी आहे. लबाडीने सुरू झालेलं त्याला हळूहळू खरं वाटायला लागलं असावं. म्हणून काही मी त्याला माफ करत नाही.

"मग आपण पडलो कसे?" सेनबा जमिनीवर बसूनच म्हणाला. "तू कसा पडलास रे?" त्याने पोस्टमनला विचारलं.

पोस्टमन लाजला. "तुम्ही पडलात ना. तुमच्यासारखा माणूस पडला आणि मीच उभा राहिलो तर कसं दिसेल? अंगच ढिलं झालं."

"मी तर सेन्सेईंकडे पाहिलं," सेनबा म्हणाला. "ते मान डोलावत होते. आखाड्यात आपल्याला हेच शिकवलंय की, समोरच्याचा डाव बसला की अडून राहायचं नाही, नीट पडायचं, म्हणजे इजा होत नाही. तळवा आला आणि पाय गेले. वीस वर्षांची सवय."

आता सगळे इवासा सेन्सेईंकडे बघायला लागले. म्हातारा सावकाश उठला.

"मी मान डोलावली," ते म्हणाले, "कारण तुम्ही पडत होतात. माझी एवढी मुलं पडताहेत, तर त्यात काहीतरी असेल, मला म्हाताऱ्याला दिसत नसेल, असं वाटलं."

सेनबा सेन्सेईंकडे बघून पडला, पोस्टमन सेनबाकडे बघून, आणि सेन्सेई या सगळ्यांकडे बघून. आमच्या गावात ढकलायला कुणीच लागत नव्हतं.

"आणि पट्टा?" मी विचारलं.

"त्यांच्या मालिकेच्या कंपनीची माणसं आली होती. मी तो सन्मान म्हणून दिला. गावाकडून पाहुण्याला भेट. कागदावर तसं लिहायला ब्रश हातात घेतला होता, पण पाहुणा समोर बसलेला. ते बरं दिसेना. त्यांनीही विचारलं नाही, मीही बोललो नाही." मग ते तोकुजीसमोर गेले, गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला लावलं. "तुझी अकरा वर्षं खरी होती. माझा शिक्का खोटा होता. त्या शिक्क्याने तुझा जीव गेला असता."

आमच्या तोकुजीने काय करावं? तोही समोर बसला आणि त्यानेही कपाळ जमिनीला टेकवलं. आधी उठायला दोघांपैकी कुणी तयार होईना. शेवटी मी दोघांना बखोटीला धरून उभं केलं आणि कमरेतली पुडी काढली. कुणीतरी पाण्याचा पेला दिला. तोकुजीने भर सभागृहात गोळी गिळली. कुजो कधी बाहेर पडला ते कुणी पाहिलं नाही. टीव्हीवर तो अजून काळा पट्टा बांधतो, आणि कुठल्यातरी दुसऱ्या गावात माणसं अजून पडतही असतील.

तीन आठवड्यांनी आम्ही हिरोसेबाईंकडे गेलो. तोकुजीने खिशातून पंचा काढून स्वतःचे डोळे बांधले.

"हे काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"मोजा. आणि मोजून होईपर्यंत मला आकडा सांगू नका."

पट्टी फुगली, सुटली. एकशे चव्वेचाळीस.

"म्हणजे हे मी बघत नसतानाही चालतं," तोकुजी म्हणाला, आणि पंचा सोडून घडी घालायला लागला.

मला एवढंच सांगायचंय. मी फार शिकलेली बाई नाही, पण खऱ्या-खोट्याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. जे खरं आहे ते तुम्ही डोळे बांधले तरी आपलं काम करतं. बंबाचं पाणी तापतं, गोळीने रक्तदाब उतरतो. जे तुम्ही बघितल्याशिवाय, मान डोलावल्याशिवाय, शेजाऱ्याचं बघून पडल्याशिवाय चालत नाही, त्याला चालवणारे तुम्हीच असता. कुणाच्या कमरेला कुठला पट्टा आहे, कुणाचा शिक्का आहे, हे मग बघा. आणि शंका आली तर तोंडावर विचारा. समोरचा अवघडला तर अवघडू दे. अवघडून अजून कुणी मेलेलं नाही.

भिंतीपलीकडे खर्र, धप्प चालू आहे. तो पंचा मी धुऊन माझ्या बैठकीशेजारी खिळ्याला टांगला आहे. चमत्कार घेऊन कुणी आलं तर त्याला मी नाही म्हणत नाही. आधी तो पंचा हातात देते.